‘बरोबर’चं चिन्ह लावून मोकळे होणारे

लिनक्सच्या कर्नलमधल्या एका ओळीवर मला बोलायचं आहे. आर्म प्रोसेसरसाठीच्या व्हर्च्युअलायझेशनच्या कोडमध्ये २०२३ साली ती आली. मशीन सुरू होताना हायपरवायझर, म्हणजे एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर, खालच्या फर्मवेअरला, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरला, विचारतो, तुझं व्हर्जन कोणतं? उत्तर १.० आलं तर पुढे जायचं. दुसरा कुठलाही आकडा आला तर तिथेच थांबायचं. ज्या मशीनच्या फर्मवेअरने १.१ असं खरं उत्तर दिलं, त्या मशीनवर संरक्षित व्हर्च्युअलायझेशन सुरूच होईना. मशीन नवं, फर्मवेअर नवं, बिघाड कशातच नाही आणि तरी काम ठप्प. कारण कोडने ‘निदान एवढं तरी आहे का’ असं विचारलंच नाही. त्याने विचारलं, ‘नेमकं हेच आहे का’.

या दोन प्रश्नांतलं अंतर ज्याला कळत नाही त्याने दुसऱ्याच्या सर्व्हरला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. बंद पडलेल्या यंत्रणेसमोर उभं राहून मी ज्यांच्या नावाने बोटं मोडली, त्यांत चोर, व्हायरस आणि वीज मंडळ यांच्या कितीतरी आधी नंबर लागतो तो व्हर्जन तपासताना बरोबरचं चिन्ह लावून मोकळे होणाऱ्यांचा.

त्यांचा बचाव मला पाठ आहे. ‘आम्ही १.० वरच टेस्टिंग केलं. १.१ वर काय होईल कुणास ठाऊक. उगाच जोखीम कशाला?’ ऐकायला हे जबाबदारीचं वाटतं. प्रत्यक्षात ही जबाबदारी ढकलणं आहे. फर्मवेअर आणि वरची प्रणाली यांच्यातल्या करारात मोठा आकडा आणि छोटा आकडा वेगळे ठेवतात ते हौस म्हणून नव्हे. मोठा आकडा बदलला म्हणजे जुना करार संपला. छोटा बदलला म्हणजे करार तोच, त्यात भर पडली, जुनं सगळं चालू राहील. आर्मच्या ज्या दस्तऐवजात हे नियम आहेत, त्यात ते स्पष्ट लिहिलेले आहेत. तो कागद वाचून, त्यावर विसंबून १.१ ला आत घेणं हे कोड लिहिणाऱ्याचं काम होतं. ते त्याने केलं नाही, आणि त्याची किंमत अशा माणसाने मोजली ज्याला तो कागद अस्तित्वात आहे हेही माहीत नाही.

ही तपासणी नेमकी कुठे बसते ते सांगायला हवं, नाहीतर हा चार तज्ज्ञांमधला वाद वाटेल. पीकेव्हीएम नावाचा हायपरवायझर अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, पिक्सेल ७ सारख्या फोनमध्ये आला. त्याचं वेगळेपण असं की तो फोनच्या मुख्य कर्नलवरही विश्वास ठेवत नाही. उद्या कुणी कर्नल फोडला तरी संरक्षित व्हर्च्युअल मशीनची मेमरी त्याच्या हाती लागता कामा नये, ही त्याची प्रतिज्ञा. पण आर्मच्या प्रोसेसरमध्ये एक सुरक्षित कप्पा वेगळा असतो. बोटांचे ठसे, किल्ल्या असलं काम तिथे चालतं. मुख्य कर्नल त्या कप्प्याला फर्मवेअरमार्फत सांगू शकतो की मेमरीची ही पानं तू वापर. पानं दुसऱ्याच्या मालकीची असली तर? फोडलेला कर्नल सुरक्षित कप्प्याच्या हातून व्हर्च्युअल मशीनची मेमरी वाचून घेईल. म्हणून पीकेव्हीएम हा संवाद मध्येच अडवतो, प्रत्येक निरोप उघडून पाहतो, कुठली पानं दिली जात आहेत ते तपासतो आणि मगच पुढे जाऊ देतो. या संवादाच्या कराराचं नाव एफएफ-ए. व्हर्जनची तपासणी होते ती याच कराराची.

निरोप उघडून पाहणाऱ्याला निरोपाची भाषा नीट कळली पाहिजे. ती चुकीची वाचली तर पहारा असून नसल्यासारखा. त्यामुळे इथे सावधपणा हवाच, याबद्दल माझं दुमत नाही. माझं भांडण सावधपणाशी नाही, विचार न करता केलेल्या तुलनेशी आहे.

वर्षभराच्या आत कर्नलचे एक विकासक ऑलिव्हर अप्टन यांनी ती ओळ बदलली. आता फक्त मोठा आकडा पाहायचा. तो १ असेल तर चालेल. बदल एका ओळीचा. पण त्या ओळीच्या वर त्यांनी जी टिप्पणी लिहिली आहे ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्यांनी मान्य करून टाकलं आहे की फर्मवेअरशी गाठ असली की गोष्टी कधीच सरळ नसतात. एफएफ-ए १.१ ने छोटा आकडा बदलताना मेमरी-वाटपाच्या काही रचनाच बदलल्या. मेमरी देण्याच्या निरोपाचं शीर्षक १.० मध्ये ३२ बाइटचं होतं, १.१ मध्ये ते ४८ बाइटचं झालं. आधी पुढचा मजकूर ठरलेल्या जागी सुरू व्हायचा, आता तो कुठे सुरू होतो हे शीर्षकातच वेगळं लिहिलेलं असतं. ३२ समजून ४८ वाचायला गेलात तर सोळा बाइट सरकून भलतंच वाचाल, आणि तेही कुठली पानं कुणाला दिली हे सांगणाऱ्या जागी.

म्हणजे छोटा आकडा बदलला तर जुनं चालू राहील असा नियम ज्यांनी लिहिला, त्यांनीच तो मोडला. इथे माझा संताप दुप्पट होतो. बरोबरचं चिन्ह लावणारा आळशी आहे एवढंच म्हणता येईल. पण जाहीर नियम करून, लोकांनी त्यावर भरवसा ठेवल्यावर, मोठा आकडा न वाढवता रचना बदलणारे अधिक दोषी आहेत. मोठा आकडा वाढवला तर ‘सुसंगत’ हा शिक्का गमवावा लागतो, जुन्या ग्राहकांना उत्तरं द्यावी लागतात. तो त्रास टाळायचा म्हणून करार मोडायचा आणि वर तोच आकडा मिरवायचा. अशा एका प्रसंगानंतर जगभरातले कोड लिहिणारे घाबरून पुन्हा बरोबरच्या चिन्हाकडे वळतात, आणि त्यांना दोष द्यायला तोंड राहत नाही.

नाशिककरांना हे कळायला अवघड जाऊ नये. २०१६ च्या नोव्हेंबरात हाच प्रकार सगळ्या देशाने एटीएमच्या रांगेत उभं राहून भोगला. आठ नोव्हेंबरच्या रात्री जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या. नवी पाचशेची नोट आपल्या नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये आणि मध्य प्रदेशात देवासला छापली जात होती. प्रेसच्या कामगारांनी सुट्ट्या बाजूला ठेवून छपाई केली. नोट छापून बाहेर पडली, बँकेत पोचली आणि एटीएमपाशी येऊन अडली. जुनी पाचशेची नोट ७३ बाय १६७ मिलिमीटर होती, नवी ६६ बाय १५०. एटीएमच्या आत नोटा ज्या कॅसेटमध्ये भरतात ती नोटेच्या मापाला बसवलेली असते. नोट मोजणारे सेन्सर जुन्या मापावर जुळवलेले. आकडा तोच पाचशे, पण अंगाचं माप वेगळं. देशातल्या दोन लाखांहून अधिक एटीएमपैकी प्रत्येकाकडे माणूस पाठवून, ते उघडून, कॅसेट आणि सॉफ्टवेअर दोन्ही नव्याने जुळवावं लागलं. रिझर्व्ह बँकेला त्यासाठी डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांच्या अध्यक्षतेखाली कृतिगट नेमावा लागला.

नोटाबंदी योग्य की अयोग्य या वादात मला इथे पडायचं नाही. गुप्तता हवी होती म्हणून आधी सांगता आलं नाही, हेही घटकाभर धरून चालू. पण माप बदलण्याचा आणि गुप्ततेचा संबंध काय? दोन हजाराची नोट नवीच होती, तिला नवं माप चाललं असतं. तिच्यासाठी यंत्राला काहीतरी नवं शिकवावं लागणारच होतं. पाचशेची नोट मात्र कालही पाचशेचीच होती. तिचं माप तेच ठेवलं असतं तर त्या नोटेसाठी निदान कॅसेट हलवाव्या लागल्या नसत्या. एवढं होऊन कुणी शहाणं झालं का? २०१८ मध्ये शंभराची जांभळी नोट आली, आणि तिचंही माप बदलून ६६ बाय १४२ केलं. पुन्हा तीच यंत्रं, पुन्हा तीच जुळवाजुळव. निर्णय घेणारा एका ठिकाणी, राबणारा दुसऱ्या ठिकाणी आणि दोघांच्या मध्ये रांगेत उभा असलेला माणूस. फर्मवेअरच्या जगात रोज हेच चालतं, फक्त तिथे रांग दिसत नाही म्हणून कुणी बोलत नाही.

पुन्हा कोडकडे वळतो. बरोबरच्या चिन्हाऐवजी ‘पेक्षा मोठं किंवा समान’ असं चिन्ह लावलं की झालं, असं समजणारा दुसरा वर्ग आहे. तोही मला तितकाच अमान्य आहे. एफएफ-एचं व्हर्जन एका ३२ बिटांच्या संख्येत भरून येतं. वरच्या भागात मोठा आकडा, खालच्या सोळा बिटांत छोटा. त्यामुळे १.० म्हणजे ६५५३६, आणि १.१ म्हणजे ६५५३७. फर्मवेअरला हा करारच येत नसेल तर ते उणे एक परत करतं. आता ती संख्या चिन्हाशिवाय वाचा. उणे एकचे सगळे बिट एक असतात. त्यातून मोठा आकडा काढलात तर येतो ३२७६७. म्हणजे ‘मला काही येत नाही’ असं सांगणाऱ्या फर्मवेअरला तुमची तपासणी बत्तीस हजार सातशे सदुसष्टाव्या व्हर्जनचा महापंडित समजून आत घेईल. कारण ६५५३६ पेक्षा ते मोठं आहेच! म्हणून आधी नकार तपासायचा, मग मोठा आकडा, आणि छोट्या आकड्यात ज्याची खरोखर गरज आहे ती गोष्ट. लिनक्सच्या कोडमध्ये हा क्रम बरोबर आहे: आधी ‘येत नाही’ हे उत्तर बाजूला काढलं आहे, मग मोठ्या आकड्याची तपासणी. १.१ ने केलेल्या गोंधळावरही अप्टन यांनी या नकाराचाच आधार घेतला. ज्या फर्मवेअरला १.० च्या रचना वाचताच येत नाहीत, त्याने १.० मागणाऱ्याला आकडा देऊ नये, सरळ नकार द्यावा, हे आर्मच्याच दस्तऐवजात आहे. म्हणजे आकड्यावरचा भरवसा उडाला तरी नकारावरचा शिल्लक ठेवला.

पुढे २०२४ मध्ये या कोडने आणखी एक पाऊल टाकलं. मुख्य कर्नल आणि हायपरवायझर यांनी आधी आपसात व्हर्जन ठरवायचं. ते ठरेपर्यंत एफएफ-एचा दुसरा कुठलाही कॉल आला तर तो परतवायचा. मला हे फार आवडलं. एकमेकांची भाषा ठरल्याशिवाय व्यवहार सुरूच करायचा नाही. असं काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि तो इथे लिहून ठेवतो, कारण वाईट कामावर बोलणारे पुष्कळ, चांगल्या तपासणीचं कौतुक कुणी करत नाही.

आता तिसरा वर्ग, आणि माझ्या मते सगळ्यात घातक. हे लोक तपासणी बरोबर करतात, पण ती फसल्यावर गप्प बसतात. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये एसईव्ही-एसएनपी नावाची सोय आहे. व्हर्च्युअल मशीनची मेमरी खुद्द हायपरवायझरपासून सुरक्षित ठेवायची हा तिचा उद्देश. बँका, दवाखाने, सरकारी खाती आपला डेटा दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवतात तेव्हा नेमकी हीच हमी हवी असते. तिच्यासाठी प्रोसेसरमधल्या सुरक्षा-फर्मवेअरच्या इंटरफेसचं व्हर्जन निदान १.५१ हवं. लिनक्समध्ये २०२४ साली हा कोड आला तेव्हा तपासणी होती, तुलना होती, सगळं होतं. पण फर्मवेअर जुनं निघालं तर? संदेश लिहिला जायचा तो डीबग पातळीवर, म्हणजे मुद्दाम चालू केल्याशिवाय दिसणारच नाही असा. आणि फंक्शन परत करायचं शून्य. कर्नलच्या रिवाजात शून्य म्हणजे यश. फर्मवेअर अपुरं आहे, सुरक्षा सुरू झालेली नाही, आणि उत्तर ‘काम झालं’.

यामागे युक्तिवाद असतो, तो मला माहीत आहे. एसएनपी नसलं तरी साधं एसईव्ही, म्हणजे याच सोयीचं आधीचं रूप, चालू राहावं, मशीन अडू नये, वगैरे. मान्य. अडवू नका. पण सांगा तरी! लॉगमध्ये ठळक एक ओळ लिहायला काय पैसे पडतात? जो ॲडमिन समजतो की सुरक्षा चालू आहे, त्याला तसं समजू देणं हा गुन्हा आहे. बंद पडलेली यंत्रणा दुरुस्त करता येते. चालू असल्याचा भास देणारी यंत्रणा वर्षानुवर्षं तशीच राहते आणि एखाद्या दिवशी घात करते.

गप्प बसणाऱ्यांचा एक प्रसंग मी जवळून पाहिला आहे. अंबडमधला एक मध्यम कारखाना. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. एका सर्व्हरवर चार व्हर्च्युअल मशीन. एकावर हिशेब, एकावर बारकोडची छपाई. पुरवठादाराचा माणूस येऊन सर्व्हरचं फर्मवेअर १.९ वरून १.१० वर नेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही व्हर्च्युअल मशीन सुरू होईना. बारकोड नाही म्हणून माल पॅक होईना, माल पॅक नाही म्हणून गेटवर ट्रक उभे. शेठ लालबुंद. पुरवठादाराच्या मदत-क्रमांकावरचा मुलगा आधी म्हणाला, ‘सर, रीस्टार्ट करून बघा.’ मग म्हणाला, ‘फर्मवेअर मागे न्या.’ का न्यायचं, ते त्याला सांगता येईना. त्याच्यासमोरच्या कागदावर तेवढंच लिहिलं असावं.

मी ती सुरुवातीची स्क्रिप्ट उघडली. त्याच पुरवठादाराने दिलेली. त्यात व्हर्जनची तुलना होती, पण संख्या म्हणून नव्हे, अक्षरं म्हणून. अक्षरांच्या क्रमाने पाहिलं तर १.१० मधला दशांशानंतरचा पहिला अंक १, आणि १.९ मधला ९. एक लहान, नऊ मोठा. म्हणून १.१० हे १.९ पेक्षा जुनं! स्क्रिप्टने ठरवलं की फर्मवेअर जुनाट आहे आणि ती तिथेच संपली. स्क्रीनवर एक अक्षर नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. दोन आकडे वेगळे काढून आधी मोठ्याची, मग छोट्याची तुलना केली की काम झालं. दुपारपर्यंत बारकोड निघायला लागले. पण मला राग आला तो पुढच्या संभाषणाचा. पुरवठादाराचा वरिष्ठ फोनवर म्हणाला, ‘साहेब, तुमच्याकडे चालू झालं ना? मग झालं तर.’ ती स्क्रिप्ट दुसऱ्या किती कारखान्यांत आहे, त्यांना कळवणार का, असं मी विचारलं. त्यावर त्याने विषय बदलला.

‘झालं तर’ ही वृत्ती आपल्याकडे मुरलेली आहे. कोड दुरुस्त करणं म्हणजे आपल्यापुरतं चालू करणं. मग पुढचा बंद पडू दे, त्याचं तो बघेल.

याच्या नेमकं उलट कसं वागता येतं याचंही उदाहरण आहे. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर नावाचा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाला. त्याच्या बंदोबस्ताचा भाग म्हणून केव्हीएमने, म्हणजे लिनक्स कर्नलमधल्याच हायपरवायझरने, आर्मवर व्हर्च्युअल मशीनला दिसणारं पीएससीआय या फर्मवेअर-इंटरफेसचं व्हर्जन वाढवून १.० केलं. बदल गरजेचा होता. पण त्याचा दुसरा परिणाम झाला. एखादं व्हर्च्युअल मशीन जुन्या सर्व्हरवर सुरू झालं, चालू असतानाच नव्या सर्व्हरवर हलवलं, की त्याच्या पायाखालचं ‘फर्मवेअर’ अचानक बदललं. त्याला न विचारता. कर्नलवाल्यांनी ‘चालवून घ्या’ म्हणून हात वर केले नाहीत. त्यांनी त्या व्हर्जनसाठी एक नोंद उघडी केली. सर्व्हर चालवणारा ती वाचू शकतो, जपून ठेवू शकतो, आणि दुसऱ्या सर्व्हरवर तीच पुन्हा लावू शकतो. निर्णय कुणाचा, तर ज्याचं मशीन त्याचा. आणि हे सगळं दस्तऐवजात कारणांसकट लिहून ठेवलं. केव्हीएमचा स्वतःचा आकडाही असाच. वरच्या प्रोग्रामने विचारलं की तो १२ सांगतो. हा आकडा बदलणं अपेक्षित नाही, दुसरा काही आला तर चालूच नका, असं दस्तऐवजच सांगतो. नवी सोय आली की तिच्यासाठी वेगळा प्रश्न विचारायची पद्धत आहे: ही गोष्ट तुला येते का? हो की नाही. इथे बरोबरचं चिन्ह लावलं तर मी एक शब्द बोलणार नाही, कारण समोरच्याने लेखी सांगितलं आहे की हा आकडा हलणार नाही, आणि दिलेला शब्द पाळलाही आहे. म्हणजे चिन्ह कुठलं लावायचं हे समोरच्याने काय वचन दिलं आहे त्यावर ठरतं. ते वचन वाचल्याशिवाय लावलेलं कुठलंही चिन्ह चूकच.

नाशिकमध्ये हे कोण वाचतं? क्लाउड म्हणजे कुठेतरी परदेशात, असं अजूनही बोललं जातं. ईएसडीएस ही क्लाउडची कंपनी २००५ पासूनची, मुख्यालय सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, डेटा सेंटर इथेच. आपल्या शहरात व्हर्च्युअल मशीन चालवण्यावर माणसांची पोटं भरतात. आणि आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत व्हर्च्युअलायझेशन म्हणजे काय? परीक्षेत पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या हायपरवायझरमधले फरक लिहा, गुण पाच. आकृती काढा. माझ्याकडे मुलाखतीला येणाऱ्या मुलांना मी एकच प्रश्न विचारतो: १.९ आणि १.१० यातलं नवं कोणतं, हे प्रोग्रामने कसं ओळखायचं? बरीच मुलं गडबडतात. हुशार असतात ती, दोष त्यांचा नाही. त्यांना कुणी कर्नलचा खराखुरा कोड कधी उघडून दाखवलेलाच नाही. एफएफ-एची ती तपासणी पानभराची सुद्धा नाही. फुकट उपलब्ध आहे. ती फळ्यावर लिहून तासभर चर्चा करायला कुठल्या विद्यापीठाची परवानगी लागते?

आणि आता २०२७ चा कुंभमेळा तोंडावर आहे. गर्दीवर लक्ष ठेवणं, वाहतूक, हरवलेल्यांचा शोध, दवाखाने, सगळ्यासाठी यंत्रणा उभ्या राहणार, आणि त्या कुठल्या ना कुठल्या व्हर्च्युअल मशीनवरच चालणार. २०१५ च्या कुंभाच्या वेळी नाशिकचेच रमेश रासकर आणि त्यांच्या एमआयटीतल्या सहकाऱ्यांनी ‘कुंभथॉन’ भरवून इथल्या मुलांना कामाला लावलं होतं. उत्साहाची आपल्याकडे वाण नाही. पण उत्साह सगळा वरच्या थराला, ॲपला, स्क्रीनला. खाली फर्मवेअर कोणतं, ते कोण अद्ययावत करणार, तपासणी फसली तर कुणाला कळणार, हे विचारणं कुणालाच नको असतं. सरकारी निविदांमध्ये प्रोसेसरचे गाभे किती, मेमरी किती, डिस्क किती हे काटेकोर असतं. फर्मवेअरबद्दल फार तर ‘अद्ययावत असावे’ एवढे दोन शब्द. त्या दोन शब्दांवर कुठलाही पुरवठादार हात झटकून मोकळा होऊ शकतो. आणखी वाईट म्हणजे ‘अमुकच व्हर्जन असावे’ असं लिहिणारेही आहेत. त्याचा अर्थ उद्या सुरक्षेची दुरुस्ती आली तरी ती लावायची नाही, कारण लावली तर निविदेचा भंग!

माझी मागणी साधी आहे आणि ती महापालिका, कुंभमेळा प्राधिकरण, जिल्हा प्रशासन, सगळ्यांसाठी आहे. निविदेत लिहा की फर्मवेअरच्या प्रत्येक इंटरफेससाठी किमान व्हर्जन कोणतं लागतं ते पुरवठादाराने सांगायचं, आणि मोठा आकडा तोच असेपर्यंत पुढचं प्रत्येक व्हर्जन चालेल याची हमी द्यायची. तपासणी फसली तर संदेश लॉगमध्ये त्रुटी म्हणून दिसला पाहिजे, लपवलेला नव्हे. स्वीकृतीच्या चाचणीत मुद्दाम एक जुनं आणि एक नवं फर्मवेअर घालून बघायचं, आमच्या माणसासमोर. जुन्याला यंत्रणेने मोठ्याने नकार दिला पाहिजे, नव्यावर ती चालली पाहिजे. जो पुरवठादार म्हणेल की एवढं कुणी करत नाही, त्याचं बिल अडवा.